कुणाचीही नोकरी जाणार नाही

"मॅडम, परत गेलं," अभिनंदन म्हणाला.

त्याच्या आवाजात आता घाई उरली नव्हती. सकाळी पहिल्यांदा सिस्टीम बंद पडली तेव्हा तो धावत माझ्या केबिनमध्ये शिरला होता. दुसऱ्या वेळी दारातूनच ओरडला. ही तिसरी वेळ, आणि आता तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. हनुवटी तळहातावर टेकवून पडद्याकडे बघत बसला होता.

मी तेव्हा सांगलीकडच्या एका सहकारी दूध संघात संगणक विभागाची प्रमुख होते. ती नोकरी सोडूनही आता बरीच वर्षं झाली. गावोगावच्या केंद्रांवर गोळा झालेलं दूध टँकरमधून आमच्या मुख्य डेअरीत यायचं. गेटवर नोंद, मग वजनकाटा, मग प्रयोगशाळेत नमुना, आणि नमुना पास झाला की कुठल्या टाकीत दूध उतरवायचं त्याचा हुकूम. दुसऱ्या टोकाला पिशव्या भरून पुण्या-मुंबईकडे गाड्या निघायच्या. हे सगळं एका सिस्टीमवर चालायचं. ती थांबली की डेअरी थांबायची. दुधाचं मात्र तसं नसतं. गावात धारा काढायच्या कुणी थांबत नाही, आणि उन्हात उभ्या असलेल्या टँकरमधलं दूध हळूहळू तापत राहतं.

अभिनंदन चौगुले माझ्या हाताखालचा इंजिनीअर. इथलाच, हुशार, जरा अबोल.

"या वेळी किती वेळ टिकली?" मी विचारलं.

"मघापेक्षा कमी. मी काहीच केलं नव्हतं मॅडम. नुसता बघत होतो. सगळं हिरवं होतं, आणि एकदम डिस्कचं कपाट बंद होऊन आपोआप परत चालू झालं. मग सगळंच लटकलं."

"आणि जोडीचं मशीन?"

"तेही त्याच वेळी."

डिस्कच्या कपाटात सगळ्या नोंदी साठायच्या. पण जोडीचं मशीनही त्याच वेळी, हे मला कळत नव्हतं. एक मशीन पडलं तर दुसऱ्याने काम हाती घ्यावं, म्हणून तर आम्ही जोडी ठेवली होती. दोन्ही एकदम पडायचं काही कारण नव्हतं. मी सकाळीच वीज विभागाला फोन करून विचारलं होतं, लाइट ठीक आहे का. ठीक आहे, असं उत्तर आलं होतं. आमच्या खोलीतले दिवेही एकदासुद्धा मिणमिणले नव्हते.

ज्या कंपनीने सिस्टीम बनवली होती तिचा माणूस बंगळूरहून फोनवर होता. त्याचं म्हणणं, डेटाबेस खराब झाला असणार, सगळं पुसून कालच्या प्रतीवरून नव्याने उभं करा. त्याला संध्याकाळ झाली असती. बरं, तेवढं करून ती पुन्हा पडणार नाही याची हमी तो देत नव्हता.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि खाली गेले.

गेटच्या आत टँकरची रांग वजनकाट्यापासून कँटीनच्या मागे वळली होती. बाहेरच्या रस्त्यावर किती उभे होते ते दिसत नव्हतं. आम्ही हातानेच व्हॉल्व्ह उघडून दूध घ्यायला सुरुवात केली होती, पण ते काम फार सावकाश चाललं होतं. प्रयोगशाळेतल्या सुषमा तिवडे एकेक नमुना तपासून कागदावर लिहीत होत्या, आणि तो कागद घेऊन एक माणूस धावत टाक्यांकडे जात होता.

रांगेतल्या एका टँकरच्या सावलीत ड्रायव्हर बसला होता. सर्जेराव त्याचं नाव. जतकडचा. नेहमी येणारा, त्यामुळे तोंडओळख होती. मला बघून तो उठला नाही.

"काय मॅडम, व्हणार का आज?"

"प्रयत्न चालू आहेत."

"माझ्या टाकीला हात लावून बगा."

मी लावला. बाहेरचा पत्रा तापलेला असणारच, त्यावरून काही कळत नव्हतं. पण त्याला काय म्हणायचंय ते कळलं.

"ह्यात बारा गावचं दूध हाय," तो म्हणाला. "आंबलं म्हणून तुमी परत लावलं, तर ते मी नेऊन कुठं वतू? आणि त्या बायास्नी काय सांगू, काम्प्युटर बंद हुता म्हणून?"

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी परत वर आले.

केबिनमध्ये शिरगुप्पे साहेब येऊन उभे होते. ते संघाचे कार्यकारी संचालक, म्हणजे रोजचा कारभार बघणारे सर्वांत वरचे अधिकारी. साधे कपडे, सडपातळ, केस अगदी बारीक कापलेले. कामाला वाघ, आणि तापट. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"कुणी केलं?"

"ते अजून कळलेलं नाही, साहेब."

"कुणीतरी काहीतरी केल्याशिवाय होतंय का हे? कालपर्यंत चालत होती ना?"

"हो."

"मग? आज दुपारी अध्यक्ष पाहुणे घेऊन आलेत. शेजारच्या जिल्ह्यातली मंडळी आहेत, आपली डेअरी बघायला. आणि रांग बघा खाली. कोण आहे ते शोधा, आज त्याला घरी पाठवतो."

अभिनंदनने मान खाली घातली. त्याने काहीही केलं नव्हतं हे मला ठाऊक होतं, तरी त्याचे कान लाल झाले.

साहेब निघून गेले. मी दार लावलं. मग एक फोन करायचा विचार मनात आला. तो खरं तर सकाळपासूनच येत होता, पण मी तो बाजूला सारत होते. या खुर्चीवर माझ्या आधी विलास कुरुंदवाडे होते. सिस्टीम त्यांनीच उभी केली होती. त्यांना काढून टाकल्यावर मला पुण्याहून आणलं होतं. हलगर्जीपणामुळे काढलं, एवढंच मला मुलाखतीत सांगण्यात आलं होतं. आपल्याला ज्याच्या जागेवर बसवलंय त्यालाच फोन करून अडचण सांगायची, हे कुणालाही जड जाईल. मलाही गेलं. पण सर्जेरावचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

ते आता इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत होते. मागे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. मी नाव सांगितलं.

"ओव्हाळ मॅडम," ते म्हणाले. "बोला. कितव्यांदा पडली?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याशिवाय मला कशाला फोन कराल?"

त्यात टोमणा होता की नाही, मला सांगता येणार नाही. मी सगळं सांगितलं. दोन्ही मशीन एकदम, डिस्कचं कपाट आपोआप चालू होणं, सगळं. त्यांनी मध्ये दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिवसभर मशीनला विचारताय. माणसांना विचारलंत का?"

"विचारलं ना. प्रत्येक विभागाला फोन केला. कुणी काहीही बदललेलं नाही म्हणतात."

ते हसले. मोठ्याने नाही. "माझं काय झालं होतं तुम्हाला माहीत आहे?"

"थोडंफार."

"रविवारी काम केलं आणि एक सेटिंग परत जागेवर ठेवायचं विसरलो. सोमवारी सकाळी गाड्या अडकल्या. सगळे शोधत बसले होते. मी मीटिंगमध्ये उठून म्हणालो, माझ्याकडून राहिलंय, हे असं असं आहे, आत्ता दुरुस्त करतो. केलंही. गाड्या सुटल्या. दुपारी मला गेटबाहेर नेऊन सोडलं. डबासुद्धा आत राहिला होता, तो शिपायाने आणून दिला. अख्खी डेअरी बघत होती, मॅडम. त्या दिवशी तिथल्या प्रत्येकाला एक गोष्ट पाठ झाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्याकडे कुणाला तरी माहीत आहे," ते म्हणाले. "पण तो सांगणार नाही. तुम्ही कितीही गोड बोललात तरी नाही. कारण नोकरी तुमच्या हातात नाही. ज्याच्या हातात आहे त्याला बोलायला सांगा." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "चला, मला जावं लागेल. सुरू झाली की एक मेसेज टाका. जीव लागलाय तिच्यावर, काय करणार."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर कुणाला तरी मुंबईच्या गाड्या उशिरा निघतील असं सांगत होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "साहेब, तुम्ही स्पीकरवर एक घोषणा करा."

टँकरना नंबराने आत बोलवायला अंगणात, विभागांत, सगळीकडे स्पीकर लावलेले होते.

"कसली?"

"कालपासून कुणी काहीही जोडलं असेल, काढलं असेल, हलवलं असेल, तर येऊन सांगा. सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर काहीतरी अपशब्द बोलले होते.

"म्हणजे एवढं नुकसान करणाऱ्याला मी माफी जाहीर करू? स्पीकरवर? उद्या कुणीही काहीही करेल."

"आज काय झालंय ते कळलं नाही तर उद्याही बंदच राहील."

"तुमचं काम आहे ते शोधणं. त्यासाठी पगार देतो तुम्हाला."

"माझं काम मी सकाळपासून करतेय. मशीन जेवढं सांगू शकतं तेवढं त्याने सांगून झालंय. राहिलेलं माणसांच्या पोटात आहे, आणि ते माझ्यासमोर बाहेर येणार नाही." मग मी जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही बोलले. "कुरुंदवाडे सरांना काढल्यापासून इथे मला कुणी काही सांगत नाही, साहेब. मला वाटत होतं तक्रार नाही म्हणजे सगळं छान चाललंय."

कुरुंदवाड्यांचं नाव त्या केबिनमध्ये निदान माझ्या काळात तरी कुणी घेतलं नव्हतं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, परत ठेवला. खिडकीतून रांग दिसत होती. एका टँकरपाशी बाचाबाची सुरू झाली होती. गेटवरचे सुरक्षारक्षक तिकडे निघाले होते. साहेब उठून खिडकीपाशी गेले. मग वळून माझ्या पुढे चालू लागले.

माइक वजनकाट्याच्या खोलीत होता. साहेबांनी तो हातात घेतला. त्यांना असं बोलायची सवय नव्हती, पहिलं वाक्य फार जोरात आलं आणि स्पीकर कर्कश वाजला.

"मी शिरगुप्पे बोलतोय. सिस्टीम का पडते ते आपल्याला सापडत नाही. काल किंवा आज कुणी काहीही, कितीही बारीक, बदललं असेल तर ओव्हाळ मॅडमच्या ऑफिसात येऊन सांगा." ते थांबले. मला वाटलं एवढंच बोलून माइक ठेवतात. "सांगणाऱ्यावर कारवाई होणार नाही. कुणाचीही नोकरी जाणार नाही. मी शब्द देतो."

बाहेर सगळ्यांच्या माना स्पीकरकडे वळल्या. मग टँकरवाल्यांचा गलका परत सुरू झाला.

आम्ही दोघं वर येऊन बसलो. साहेब अभिनंदनच्या शेजारच्या खुर्चीत बसले, त्यामुळे तो बिचारा ताठ झाला. काही वेळ कुणीच आलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात सुषमाताई दारात आल्या. हातातले रबरी मोजेसुद्धा काढले नव्हते.

"माझ्यामुळं झालं असलं तर माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण मी काल लॅबच्या काम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला हुता. भजनाच्या मंडळाची गाणी हुती त्यात. लावायचा नाही म्हणून बोर्ड हाय, मला ठाऊक हाय."

त्या बोलत असतानाच त्यांच्यामागे भांडार विभागाचा कारकून येऊन उभा राहिला. त्याने सकाळी कपाट सरकवताना भिंतीवरचा नेटवर्कचा डबा काढून जमिनीवर ठेवला होता. त्यानंतर पॅकिंगमधले दोघं आले. त्यांच्या पाळीत सगळे एकाच माणसाचा पासवर्ड वापरत होते, आणि ते आजचं नव्हतं, कायमचंच होतं. गेटवरच्या रक्षकाने सांगितलं की सर्व्हरच्या खोलीचं दार आपोआप बंद होतं म्हणून सफाईवाल्याने त्यात वीट घातलीय, ती त्याने बघितली पण काढली नाही. एकाने तर मागच्या दिवाळीतली चूक सांगितली. तिचा आजच्या दिवसाशी काही संबंध नव्हता. पण तो सांगायला लागला आणि मध्ये थांबेना. दाराबाहेर पाच-सहा जण अजून उभे होते.

मी कागदावर काहीच लिहिलं नाही. लिहायला घेतलं असतं तर ते परत गेले असते. ऐकत होते आणि मनात एकेक बाजूला ठेवत होते. हा नाही, हाही नाही. पण ऐकता ऐकता एक गोष्ट कळत चालली होती. ज्या सिस्टीमची मी प्रमुख होते ती मी कधी बघितलीच नव्हती. माझ्याकडे फक्त तिचा नकाशा होता.

सगळ्यांत शेवटी दस्तगीर मुजावर आत आले. वीज विभागाचे पर्यवेक्षक. पन्नाशी उलटलेले, भारदस्त, मिशीवाले, आणि कुणाला सहसा दबून न बोलणारे. त्यांनी आधी मागचं दार लावून घेतलं.

"मॅडम, सभागृहातला मोठा एसी हाय न्हवं, त्यो काल तुमच्या मशीनच्या लायनीवर घेतलाय."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. "कुठल्या लाइनवर?"

"बॅटरीच्या. तुमच्या यूपीएसच्या. लाइट गेली तरी एसी बंद पडाय नको म्हणून. आज सकाळपासनं पाहुण्यांसाठी हॉल गार करून ठिवलाय. त्येचा काम्प्रेसर मधनंच बंद हुतो, मधनंच सुरू हुतो. सुरू हुताना लायन अशी एकदम खाली बसती." त्यांनी तळहात झपकन खाली आणून दाखवला. "दिवं दुसऱ्या लायनीवर हायत, त्यास्नी काय हुत न्हाई."

अभिनंदन उठून उभा राहिला होता. दोन्ही मशीन एका लाइनवर. म्हणून जोडी एकदम पडत होती. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी वर कुणाला तरी गार वारं हवं होतं.

"दस्तगीरभाई," मी म्हटलं, "सकाळी मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं."

"व्हय. लाइट ठीक हाय का म्हणून इचारलंसा. ठीक हाय म्हणालो." त्यांनी नजर वळवली नाही. "कुरुंदवाडे सायबास्नी मी गेटापर्यंत सोडाय गेलो हुतो, मॅडम. माझी अजून चार वर्सं हायत."

साहेब इतका वेळ नुसते ऐकत होते. शब्द देऊनही सवय गेली नव्हती.

"यूपीएसवर जोडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

दस्तगीरभाईंनी मिशीवरून हात फिरवला.

"अहो, विचारतोय मी. कुणी सांगितलं?"

"तुमीच की साहेब," ते म्हणाले. "अध्यक्ष आबा पाहुणे घेऊन येणारेत, एसी बंद पडला तर बघा, कायबी करा पर चालू ऱ्हायला पायजे, असं म्हणालासा. परवा. जिन्यात."

अभिनंदनने एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मीही साहेबांकडे न बघण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते आठवत होते. जिन्यात, घाईत, पायऱ्या उतरता उतरता म्हटलेलं ते वाक्य त्यांना आठवत असावं. असली वाक्यं ते दिवसाला कितीतरी बोलायचे.

"हॉलचं बटण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"मी बंद करून येतो की."

"नको. मी जातो."

सभागृहात त्या वेळी अध्यक्ष पाहुण्यांना संघाचा इतिहास सांगत होते. साहेब आत गेले, भर भाषणात भिंतीपर्यंत चालत गेले आणि एसी बंद केला, असं मला नंतर तिथल्या शिपायाने सांगितलं. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पंखे लावलेत," ते म्हणाले. "चालू करा तुमची सिस्टीम."

अभिनंदनने चालू केली. आम्ही सगळे त्याच्या मागे उभे राहून बघत होतो, अगदी दस्तगीरभाईसुद्धा. एकेक दिवा हिरवा झाला. खाली पहिला टँकर काट्यावर चढला. मग दुसरा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती पडेल, ती पडेल, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि ती पडली नाही. सर्जेरावचं दूध पास झालं. त्याच्या मागच्या काही टँकरचं झालं नाही. ते परत पाठवावं लागलं. ते टँकर वळून गेटबाहेर जाताना मी खिडकीतून बघितले. साहेबही बघत होते.

कुरुंदवाड्यांना मी मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं: "कोण बोललं ते मला सांगू नका."

पुढच्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. आबांना दूध परत गेल्याचा राग होता, त्यांच्या गावच्या केंद्राचंही त्यात होतं. आणि पाहुण्यांसमोर एसी बंद केल्याचाही असावा. आम्ही दिलेला अहवाल त्यांनी टेबलावर आपटला.

"कारण दिलंय, उपाय दिलाय, सगळं दिलंय. माणूस कुठाय यात?"

"माणूस लिहिलेला नाही, आबा," साहेब म्हणाले. "एसी वेगळ्या लाइनवर घेतलाय. जोडीचं मशीन आता मागच्या इमारतीत, निराळ्या विजेवर बसवतोय."

"ते कळलं. नाव काय त्याचं?"

"नाव देणार नाही. मी शब्द दिलाय."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे वळले.

"ओव्हाळ मॅडम, तुम्ही नाही ना दिला शब्द? तुम्ही सांगा."

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, आणि ती कायम करणारी माणसं हीच होती. साहेब समोरच्या कागदाकडे बघत होते.

"आबा," मी म्हटलं, "आज मी नाव सांगितलं तर पुढच्या वेळी मला कुणी काही सांगणार नाही. मग सिस्टीम किती वेळ बंद राहील ते मलाही सांगता येणार नाही."

"धमकी देताय?"

"नाही. जे होईल ते सांगतेय."

बैठकीत पुढे बरंच काही झालं. शेवटी साहेबांना मंडळाने लेखी समज दिली, आणि माझं कायम होणं वर्षभर लांबलं. दस्तगीरभाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांनी चार वर्षं पूर्ण केली.

या बैठकीचा मी पुढे पुष्कळ विचार केला. साहेबांनी त्या दिवशी नाव दिलं नाही, हे खरं. पण ते नाव दिलं असतं तर दुसरं नाव आपोआप आलं असतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी शब्द पाळला की स्वतःला झाकलं, हे मला ठरवता येत नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं, कुरुंदवाड्यांना परत बोलवायचं का. ते म्हणाले, बघू. कुरुंदवाड्यांना मी परस्पर विचारलं, तर ते म्हणाले, मी इथे बरा आहे. विषय तिथेच राहिला.

मी आपलं काम करत राहिले. दर सोमवारी एकेका विभागात जाऊन बसायचे आणि काय काय बिघडलं ते विचारायचे. पहिले काही सोमवार चहा मिळाला, उत्तरं मिळाली नाहीत. मग हळूहळू मिळायला लागली.

थंडी सुरू झाली होती. दूध वाढण्याचे दिवस, डेअरी पूर्ण भरात. दुपारी मी कँटीनमध्ये जेवत होते आणि फोन वाजला. साहेबांचा.

"मॅडम, मी एक गाढवपणा केलाय."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. "काय झालं?"

"बँकेकडून आलीय असं वाटणारी मेल होती. त्यातली फाइल उघडली. उघडल्यावर लक्षात आलं, बँक आपली नाहीच ती. आता पडद्यावर काहीतरी भलतंच पळतंय. मी काही दाबलं नाही. पहिला फोन तुम्हालाच लावलाय."

"साहेब, मशीनच्या मागे एक निळी वायर भिंतीत गेलीय. ती ओढून काढा. आत्ता. फोन चालू ठेवा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काहीतरी खाली पडलं.

"काढली."

मी जेवण तसंच टाकून पळाले. पळता पळता अभिनंदनला फोन करून साहेबांच्या मजल्याची नेटवर्कची लाइन तोडायला सांगितली. तो एक शब्दही न विचारता कामाला लागला. तपासून झाल्यावर कळलं की ती फाइल मशीनमधला सगळा मजकूर कुलूपबंद करत सुटणारी होती. साहेबांचं मशीन गेलं. त्यापुढे ती पोचली नाही. आणखी थोडा वेळ ती वायर भिंतीत राहिली असती, तर वजनकाट्यापासून गाड्यांपर्यंत आमच्याकडे काहीही उरलं नसतं, आणि ते परत उभं करायला दिवस नव्हे, आठवडे लागले असते.

मी केबिनमध्ये शिरले तेव्हा साहेब टेबलाशेजारी, जमिनीवर, गुडघ्यावर बसलेले होते. पेपरवेट कोपऱ्यात पडला होता. केबिनचं दार सताड उघडं, दारात त्यांचा शिपाई, शिपायामागे लेखा विभागातल्या दोघी. त्यांनी कुणालाही हाकललं नव्हतं. निळ्या वायरचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"यांनाही सांगितलंय," ते दाराकडे बघून म्हणाले. "तशी मेल कुणाला आली असली तर उघडू नका म्हणून. मी उघडली, तुम्ही उघडू नका, असं सांगितलं."

"बरं केलंत."

"खाली काय झालंय?"

"काही नाही, साहेब. टँकर आत येतायत."

त्यांनी मान हलवली. उठायचा प्रयत्न केला, मग थांबले आणि मूठ माझ्यापुढे केली.

"ही आता सोडली तर चालेल ना?"